फंड उचलावा की पेन्शनची वर्षं जपावी?

नोकरी सुटली आहे, सेवा दहा वर्षांच्या आत आहे. पीएफ तुमचाच, तो कुठे जात नाही. प्रश्न आहे पेन्शनच्या भागाचा: १०-सी हा फॉर्म भरून तोही रोख मोकळा करावा, की स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला, घेऊन वर्षं राखून ठेवावी? आठ वर्षांची नोकरी सोडून २०११ मध्ये मीही इथेच अडलो होतो. (साडेनऊ वर्षं भरली असतील तर ती पेन्शनला लागणारी दहा धरतात आणि रोख मिळतच नाही. तुमची सुटका झाली.)

एकरकमी फंड आणि महिन्याची पेन्शन, या दोन्ही वाटा इंग्रजांच्या काळातल्या. पेन्शन ही सरकारी नोकराची गोष्ट. तिचा कायदा १८७१ चा. फंडाचा कायदा १९२५ चा. गिरणी कामगाराला मात्र म्हातारपणाची पेन्शन द्यावी असं कुणाला फारसं वाटलं नाही, कारण त्याला गाव होतं. कामगारांची स्थिती पाहायला १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने तर कामगाराची गावाशी असलेली जोड ही जमेची बाजू मानली, ती तोडू नये असं म्हटलं. थकला की चाकरमानी कोकणात जाईल, घाटावर जाईल, पुढचं भाऊबंद बघतील. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये कायदा आपला झाला, पण कामगाराच्या हाती दिला तो फंडच. मलायात १९५१ ला, सिंगापुरात १९५५ ला, घानात १९६५ ला हाच प्रकार: साठवा, एकदम घ्या, निघा. घानाने १९९१ मध्ये फंड मोडून पेन्शन आणली. आपण फंड ठेवला आणि १९९५ मध्ये त्याच्या कडेला पेन्शन जोडली. म्हणून तर तुमच्यासमोर हा प्रश्न आहे.

आकड्यांवर गेलात तर दोन्हीकडे निराशाच. रोख घेतली तर मालकाने पेन्शनसाठी भरलेल्या रकमेच्या आसपास काहीतरी हाती येतं, व्याज जवळपास नाहीच. पेन्शन म्हणाल तर पगार गुणिले वर्षं भागिले सत्तर, आणि तो पगारही पंधरा हजारांवर धरत नाहीत. दहा वर्षांचे महिन्याला २,१४३ रुपये होतात. महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपये आहे. ती साडेसात हजार करा म्हणून म्हातारी माणसं बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत उपोषणाला बसली. वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हेही दाखवायचं. तेव्हा पेन्शनची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही.

माझा निर्णय झाला तो वेगळ्याच कारणाने. फंडाचा आकडा गुप्त राहत नाही.

१९८२ च्या संपानंतर वडिलांची गिरणी सुटली आणि त्यांचा फंड आला. आला म्हणजे चाळीत आधी आला, घरात नंतर. ‘फंड आला म्हणे?’ हे वाक्य मी त्या महिन्यात इतक्या तोंडून ऐकलं की अजून कानात आहे. गावच्या घराची कौलं बदलायची होती, ती बदलली. आत्याच्या मुलीचं लग्न होतं. एका मामांना रिक्षा घ्यायची होती, ‘सहा महिन्यांत परत’. कुणी लबाड नव्हतं, गरज प्रत्येकाची खरी होती. वडिलांना नाही म्हणता येईना, कारण पैसे आहेत हे सगळ्यांना ठाऊक. फंडावर कर्जापायी कोर्टाची जप्ती येऊ नये ही सोय १९२५ च्या कायद्यात आहे. मेहुण्याची जप्ती त्यात धरलेली नाही. दीड वर्षात पासबुक कोरं झालं. गावी भाऊबंद होते, पण त्यांचंच भागत नव्हतं.

म्हणून मी पीएफ काढला आणि पेन्शनला हात लावला नाही. पुढे दुसऱ्या ठिकाणी सहा वर्षं झाली, ती जुन्या आठात मिळवून घेतली. आज दोन हजार आणि वर थोडे मिळतात. गॅस आणि विजेचं बिल निघतं, बस्स. पण इतक्या पैशांत कुणी उसने मागत नाही. माझ्यामागे बायकोला त्यातले निम्मे मिळत राहतील, हेही आहेच.

सरसकट हाच सल्ला देणार नाही. वय पन्नाशीपुढे, सेवा तीन-चार वर्षं आणि पुन्हा पीएफवाली नोकरी लागण्याची आशा नसेल, तर दहाचा आकडा गाठणं कठीण, रोख घ्या. डोक्यावर सावकारी व्याज असेल तरी घ्या. पस्तिशी-चाळिशीत असाल तर मात्र, मला विचाराल तर, सर्टिफिकेट.

फॉर्म दोन्हींसाठी एकच आहे, १०-सी. खूण कुठे करायची ते ठरेपर्यंत घरी आकडा सांगू नका.