शंट चालू आहे का? सीटी स्कॅन की कातडीवरचा सेन्सर

चंदगड-आजऱ्याकडून शंट (डोक्यात साठणारं जादा पाणी पोटात सोडणारी, कातडीखालून नेलेली नळी) बसवलेलं मूल घेऊन कोल्हापुरात येणाऱ्या आईवडिलांचा प्रश्न एकच असतो: डोक्यातलं पाणी नळीतून पोटात उतरतंय ना? शंट बंद पडल्याची लक्षणं, म्हणजे डोकेदुखी, उलटी, मरगळ, तर साध्या तापातही दिसतात.

सीटी स्कॅन मेंदूतल्या पोकळ्या फुगल्यात का ते काही मिनिटांत दाखवतो. जुन्या फिल्मशी ताडूनही बघता येतं (म्हणून जुन्या फिल्म कधीही टाकू नका). पण तो परिणाम दाखवतो, प्रवाह नाही. काही मुलांत शंट बंद पडूनही पोकळ्या फारशा बदलत नाहीत. शिवाय दर वेळी क्ष-किरण. एवढ्याशा जिवाला पुन्हा पुन्हा त्याखाली ठेवणं मला फार खुपतं.

सेन्सरची तऱ्हा वेगळी. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जॉन रॉजर्स यांच्या गटाने २०१८ मध्ये असा सेन्सर मांडला. नळीवरच्या कातडीला मऊ पट्टी चिकटवायची. ही पट्टी कातडीला किंचित तापवते. पाणी वाहत असेल तर ऊब प्रवाहाच्या दिशेनं सरकते, थांबलं असेल तर सगळीकडे सारखी पसरते. ना सुई, ना किरण. मात्र चांगल्या शंटमधलाही प्रवाह मधूनमधून थांबतो, मूल आडवं आहे की बसलेलं यावर बदलतो. त्यामुळे एका वेळी ‘प्रवाह नाही’ दिसलं म्हणजे शंट बंद, असं नव्हे. चाचण्यांत या सेन्सरचा खरा कस इथेच लागतो.

वारंवार तपासायला माझी पसंती सेन्सरला. पण मूल गुंगीत असेल तर थेट स्कॅन, आणि तोही न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयातच.