थायरॉइडची केशरी गोळी, पांढरी गोळी आणि माझी खाज

स्टार आधीच देऊन टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. थायरॉइड कमी पडतो त्यावरची थायरॉक्सिनची ५० ची (म्हणजे ५० मायक्रोग्रॅमची) पांढरी गोळी, पाचपैकी साडेचार. त्याच कंपनीची ७५ ची केशरी गोळी, माझ्यापुरती दोन, आणि ते दोनही आतलं औषध तेच आहे म्हणून. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा आहे असं मला छातीठोक सांगता येणार नाही आणि त्याच केशरी गोळीवर माझी जाऊ गेली चार वर्षं ठणठणीत आहे.

मी अमळनेरची. गेल्या ऑगस्टमध्ये टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा, थायरॉइड कमी पडला की हा वर जातो) १४.२ निघाला. त्याआधी सहा महिने नुसती झोप यायची, केस कंगव्यात गुच्छानं यायचे, मला वाटायचं शाळेतली दगदग आणि वय. डॉक्टरीणबाईंनी ५० ची अर्धी गोळी सुरू केली, ऑक्टोबरात पूर्ण केली. सकाळी साडेपाचला उपाशीपोटी घ्यायची आणि पुढं तासभर चहा नाही. हा एक तास कसा काढायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं, मी नळाला पाणी येतं त्या दिवशी पाणी भरते आणि येत नाही त्या दिवशी गच्चीत जाऊन दुसऱ्यांच्या घरातला चहाचा वास घेते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या असतील तर त्या चार तास लांब ठेवायच्या, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगाला नीट लागत नाही. पांढऱ्या गोळीबद्दल तक्रार म्हणाल तर एकच, इतकी बारीक आहे की हातातून सुटली की फरशीच्या फटीत जाते. चव नाही, पित्त नाही, मळमळ नाही. नोव्हेंबरपासून मी माणसात आले, घरचे म्हणाले की आता बोललेलं एकदात कळतं तुला.

डिसेंबरच्या शेवटी टीएसएच ६.८, म्हणजे खाली आला पण अजून वरच. डोस ७५ केला. मेडिकलवाल्यानं त्याच कंपनीची ७५ ची बाटली दिली, आत फिकट केशरी गोळ्या, दिसायला गोड. पाचव्या का सहाव्या रात्री खाज सुरू झाली. आधी कमरेला, परकराची नाडी बसते तिथं, मग पोटावर, मग दंडाच्या आतल्या बाजूला. लाल लाल चट्टे उठायचे, चांगले फुगलेले, रुपयाच्या नाण्याएवढे, आणि सकाळी उठून बघावं तर जागेवर काहीच नाही, दुसरीकडं नवीन. ज्याला आपण गांधी उठणं म्हणतो ते. त्यातच नडग्यांना वेगळी खाज, तिथं चट्टा नाही काही नाही, नुसती कोरडी. नखानं ओढलं की पाटीवर पेन्सिलनं लिहिल्यासारखी पांढरी रेघ उमटायची. रात्री दोनला मी लाटण्यानं पाय खाजवलेत, खोटं कशाला सांगू.

सासूबाई उठून आल्या, "माय वं, इतलं खाजाडू नको, रगत निंघी." मग आमसुलाचं पाणी झालं, कडुनिंबाचा पाला टाकून आंघोळ झाली. त्यांचं निदान तयार होतं, "त्या गोया खाईसन गरमी वाढी गयी." आणि मला ते पटलं, कारण मलाही तेच ऐकायचं होतं. रोज सकाळी उठून आयुष्यभर गोळी खायची या गोष्टीचा राग मनात कुठंतरी असतोच, त्याला कारण सापडलं.

मी गोळी बंद केली. कोणाला न विचारता. तीन आठवडे.

हा रिव्ह्यू लिहायला बसले ते खरं या तीन आठवड्यांसाठी. चट्टे चार दिवसांत गेले, मी खूश, सगळ्यांना सांगत सुटले की बघा, गोळीच होती. नडगीची खाज मात्र जागची हलली नाही, तिच्याकडं मी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या आठवड्यात वर्गात खुर्चीवर बसल्या बसल्या डोळे मिटायला लागले. परत रक्त दिलं तर ११.३.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. बाही वर करायला लावली, साडी घोट्यापासून वर घेऊन नडगी बघितली, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ताई, या दोन खाजा वेगळ्या आहेत, तुम्ही दोघींना एकाच गोळीला बांधलं." नडगीची खाज ही आजाराचीच, थायरॉइड कमी असला की घाम आणि त्वचेतलं तेल दोन्ही कमी होतं, कातडी कोरडी पडते आणि कोरडी कातडी खाजते. वर आमची जानेवारीची थंडी, बोअरचं खारं पाणी आणि मी बंबातलं कढत पाणी अंगावर घेणार. म्हणजे जी खाज गोळीनं जायची होती ती मी गोळी बंद करून सांभाळून ठेवली. ज्या गावात १९४५ साली विप्रोचा तेलातुपाचा धंदा सुरू झाला त्या गावात राहून मी पायाला चमचाभर तेल लावत नव्हते, बोला आता.

चट्ट्यांचं मात्र त्यांनी उडवून लावलं नाही. त्यांनी समजावलं ते मला समजलं तसं लिहिते. गोळीतलं थायरॉक्सिन हे आपल्या गळ्यातली ग्रंथी बनवते तेच, त्याची खरी अ‍ॅलर्जी फार क्वचित. पण औषध असतं मायक्रोग्रॅममध्ये, ५० मायक्रोग्रॅम म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसेल इतकं, उरलेली सगळी गोळी म्हणजे भरताड, लॅक्टोज (दुधातली साखर), स्टार्च, काही कंपन्यांच्या गोळीत बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक, आणि रंग. अंगाला पटत नाही ते बहुतेक वेळा यातलं काहीतरी. दुसरं, थायरॉक्सिन अंगातून निम्मं जायलाच आठवडाभर लागतो, मग चार दिवसांत चट्टे गेले तर संशय औषधापेक्षा बाकीच्या मालावर जास्त जातो. तिसरं, रोगाशी लढणारी अंगातलीच यंत्रणा थायरॉइडवर उठते त्या प्रकारात, बहुतेकांचा तोच असतो, कधीकधी गांध्या नुसत्याही उठतात, गोळीचा काही संबंध नसतो. आणि डोस जास्त झाला तरी अंग गरम होऊन खाज येऊ शकते, पण माझा टीएसएच वरच होता म्हणजे ते नाही.

बाटली फिरवून बघितली तर बारीक अक्षरात रंगाचं नाव छापलेलं होतं, सनसेट यलो. बाकी आत काय भरलंय ते काही छापलेलं नाही. घरी येऊन मी डोक्याला ताण दिला तर तोच रंग उन्हाळ्यात आणायच्या संत्र्याच्या सरबताच्या पाकिटावर, आणि ते मी ग्लासभर पिते, आजवर काही झालं नाही. वर जानेवारीत डिंकाचे लाडूही चालू होते. म्हणजे संशयित भरपूर, पुरावा कशाचाच नाही.

उपाय एकदम साधा निघाला. ७५ ची केशरी बंद, ५० ची पांढरी दीड गोळी. डोस तोच, रंग नाही. मी म्हटलं दुसऱ्या कंपनीची ७५ देऊन बघा, तर म्हणाल्या एका वेळी एकच गोष्ट बदलू, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही आणि कंपनी बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी परत टीएसएच बघावा लागतो. रात्रीसाठी आठ दिवस लिव्होसेट्रिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी दिली. तिला तीन स्टार, खाज थांबवते पण सकाळी साडेपाचला उठवत नाही. पायाला खोबरेल तेल, ओल्या अंगावर, आणि पाणी कोमट. त्याला पाच स्टार, स्वस्तात मस्त. चारशे रुपयांचं मॉइश्चरायझर पण आणलं होतं, तेलापेक्षा वेगळं काही केलं नाही, आता मुलगी वापरते.

दहा दिवसांत दोन्ही खाजा गेल्या. पण बघा, गोळी बदलली, तेल सुरू झालं, थंडी पण कमी झाली, मग श्रेय कोणाला? खरंतर इथंच थांबले असते आणि 'काही सांगता येत नाही' असं लिहिलं असतं. पण मार्चमध्ये एक भानगड झाली.

बाटली संपली (दीड गोळीमुळं १०० ची बाटली ६६ दिवसच पुरते, हे लक्षात ठेवा, माझ्या लक्षात राहिलं नव्हतं, त्यात फेब्रुवारीत जुनीच अर्धी बाटली चालू होती). मी मुलाला मेडिकलवर पाठवलं. ५० ची नव्हती म्हणून तिथल्या पोरानं जुन्या बिलावर बघून ७५ ची केशरी दिली, "एकच आहे, दीड खायच्या ऐवजी एक खा." डोसच्या हिशोबानं पोरगा बरोबर होता, म्हणून मी पण म्हटलं जाऊ दे, चार दिवस चालवू. तिसऱ्या रात्री परकराच्या नाडीखाली परत तेच. उन्हाळा लागलेला, पायाला तेल चालू, डिंकाचे लाडू कधीच संपलेले. नडगी शांत, फक्त गांध्या. सकाळी रिक्षा करून जाऊन दुसऱ्या दुकानातून पांढरी आणली आणि तीन-चार दिवसांत सगळं बंद. डॉक्टरीणबाई हसल्या, म्हणाल्या मी मुद्दाम करायला सांगितलं नसतं, पण झालं ते बरंच झालं. तरी त्यांनी फाइलवर 'केशरी ७५ टाळावी' एवढंच लिहिलं, रंगाची अ‍ॅलर्जी आहे असं लिहिलं नाही. मला ते आवडलं.

मेडिकलला दोन स्टार. एक कमी कारण न विचारता बदलून दिलं, तेही बाटलीवर चिठ्ठी लावलेली असताना, आणि बाकीचे कमी कारण वर मलाच ऐकवलं की नेटवर वाचून येता तुम्ही. तसं मला वाटायचं की गोळीतलं औषध तेच म्हटल्यावर बाकीचं काय एवढं, पण २०१७ साली फ्रान्समध्ये याच औषधाच्या एका गोळीतलं लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक अ‍ॅसिड घातलं, औषध तेच, तर हजारो लोकांच्या तक्रारी आल्या होत्या. तिथं खरं किती आणि भीतीचं किती यावर वाद झाला, होणारच. आमच्याकडं दोनच माणसांत झाला.

एक वेगळी गोष्ट, कारण यात गल्लत होते. माझ्या नणंदेला धुळ्याला उलटा थायरॉइड आहे, वाढलेला, ती कार्बिमाझोल घेते. तिलाही सुरुवातीला खाज आली आणि तिनं फोनवर मला विचारलं की तू काय केलं. मी म्हटलं बाई, माझं ऐकू नको, तुझी गोळीच वेगळी. त्या गोळीत खाज आणि पुरळ हा नेहमीचा, माहीत असलेला साइड इफेक्ट आहे, बऱ्याचदा सोबत अ‍ॅलर्जीची गोळी देऊन निभावतं, पण ती घेताना घसा दुखून ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, कारण क्वचित पांढऱ्या पेशी एकदम खाली जातात किंवा लिव्हरला लागतं. तिच्या डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलं होतं, तिनं तो कागद मसाल्याच्या डब्याखाली ठेवला होता.

आणि कोणतीही गोळी असो, ओठ, जीभ सुजली किंवा श्वास अडकला तर हा रिव्ह्यू वाचत बसू नका, सरळ दवाखाना.

एप्रिलचा टीएसएच ३.१. आता मे चालू आहे, बाहेर ४४, घरात पत्र्याखालच्या खोलीत त्याहून वाईट, आणि बाटलीवर छापलंय २५ अंशाच्या खाली ठेवा. खानदेशात २५ अंश कुठं मिळतात ते छापलेलं नाही. आधी बाटली फ्रिजच्या डोक्यावर असायची, तिथं हात लावून बघितला तर तवा. आता देवघराच्या खालच्या कप्प्यात, भिंतीच्या गार बाजूला, उरलेली अर्धी गोळी त्याच बाटलीत दुसऱ्या दिवसासाठी. सासूबाई सकाळी दिवा लावायला येतात तेव्हा बाटली हलवून बघतात, आवाज कमी आला की मला सांगतात, "गोया सरी ऱ्हायन्यात." पुढची तपासणी ऑक्टोबरात, तेव्हा स्टार बदलले तर बदलते.