दहाला सहा मिळणारं रबर आणि माझा आयईएम

तर झालं असं की दोन हजारांच्या आतला एक आयईएम, म्हणजे कानाच्या आत बसणारा इअरफोन, घेतला, जो तो म्हणत होता बेस जबरदस्त, आणि माझ्या कानात मात्र डग्गा म्हणजे कुणीतरी पुठ्ठ्यावर टिचकी मारतंय असा. वर गाण्यातला प्रत्येक 'स' सुईसारखा टोचायचा. पंधरा दिवस काढले, मग विकायला फोटोपण काढून ठेवले.

मिरजेचा एक दोस्त आहे, तंबोऱ्याच्या कामातला. त्याने कानात घातला आणि म्हणाला, "चांगला वाजतोय की लेका, तुझ्याच कानात बसत नसंल." त्याचं म्हणणं असं की घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला तर तंबोरा तोच, तारा त्याच, पण जवारी, म्हणजे तारेचा झणकार, बदलते, मग इअरफोनच्या टोकाला बसणाऱ्या ह्या रबराने, टिपने, आवाज का बदलू नये? मिरजेच्या माणसाशी आवाजावर वाद घालू नये, तिथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) काय उगाच मिळालाय?

घरी येऊन तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं आणि दोन्ही कानांतले आयईएम बोटाने जरा आत दाबले. खर्जाची तार एकदम भरून आली. बोट काढलं की गायब. म्हणजे फट राहत होती, आणि फट राहिली की पहिला बेसच पळतो, कारण कानातली ती इवलीशी हवा बंद असेल तरच खालचे सूर दाबाने कानाच्या पडद्यापर्यंत पोचतात. एकेक कान वेगवेगळ्या साइजच्या टिप्स लावून तपासला तर उजवा एम साइजचा आणि डावा एलचा निघाला! दोन्ही कानांना एकच साइज लागते असं आपण गृहीतच धरतो ना, तसलंच.

मग सांगलीत एका मोबाईलच्या दुकानात विचारलं तर "रबर ना, दहाला सहा" म्हणून पुडी हातात ठेवली. ते निघाले साध्या ब्लूटूथ बड्सचे, मान आखूड, आयईएमच्या ज्या नळीवर रबर बसतं तिच्यावर सैल. एक तर कानातच राहिला, बायकोने भुवयांच्या चिमट्याने काढला आणि वर चार शब्द सुनावले ते वेगळेच. शिकलो काय, तर आयईएमच्या नळीची जाडी साधारण चार ते साडेसहा मिमीच्या मधे कुठेही असते, मोजल्याशिवाय ऑर्डर करू नका.

शेवटी ऑनलाइन तीन प्रकारचे टिप्स मागवले. फायनल टाइप ई, हे जपानी, एसएस ते एलएल पाच साइज येतात म्हणून माझ्यासारख्या वाकड्या कानाच्या माणसाची सोय होते. तोंड जरा अरुंद, बेस भरीव लागतो, 'स'ची धार बरीच उतरली. दुसरे स्पिनफिट सीपी100, ह्यांची मान लवचिक, टोक कानाच्या वळणाप्रमाणे फिरतं, त्यामुळे जरा खोल जातात आणि त्याचा फरक वरच्या सुरांत कळतो. कसंय, टिप ते पडदा हे अंतर कमी झालं की कानाच्या पोकळीचा जो घुमणारा टोचरा भाग असतो, आठ किलोहर्ट्झच्या आसपासचा, तो आणखी वर सरकतो, त्यामुळे माझ्या त्या 'स'चं टोचणं जवळजवळ गेलं, झांजा मात्र मोकळ्या राहिल्या. तुमच्या कानाला उलटंही होऊ शकतं हां, मी माझ्या कानाचं सांगतोय.

तिसरे फोमचे. चिमटीत चुरगाळायचे, कानात घालायचे, अर्धा मिनिट धरायचं, ते फुगून कान सील करतात. सांगली-मिरज बसमध्ये ह्यांच्यासारखे दुसरे नाहीत, इंजिनचा आवाज बराच दबतो. पण झांजांची चमक जरा खातात, आणि एप्रिलच्या सांगलीत दुपारी बारा वाजता फोम कानात म्हणजे घामाने निसटतंय की काय असं सारखं वाटतं. शिवाय दोन-तीन महिन्यांत कडक झाले, चुरगाळून फुगेनात, फेकले. सिलिकॉनचे साबणाच्या पाण्याने धुतले की परत नवे.

आता डावीकडे एल, उजवीकडे एम असे स्पिनफिट घालूनच ऐकतो, टाइप ई रात्री झोपताना. किंमत बघाल तर टिप्सचेच पैसे आयईएमच्या निम्म्याला आले, त्यावर बायको काय बोलली ते इथं लिहीत नाही. विकायचे फोटो डिलीट केले. तो मिरजेचा दोस्त आता म्हणतो, "तुला नकोच होता ना, सहाशेला दे की."