पायओथ्री आणि मॅच्युरिन : आठ महिने वापरल्यावर

पायओथ्री म्हणजे रस्ट या भाषेत लिहिलेला कोड पायथनला जोडणारी लायब्ररी, आणि मॅच्युरिन म्हणजे त्या कोडचं पायथन पॅकेज बांधणारं साधन. माझा प्रोग्राम पायथनमध्ये आहे आणि पायथनमध्येच राहणार, हे आधीच सांगते. यंत्रांवर बसवलेल्या सेन्सरांकडून कंपनांच्या नोंदी येतात. त्या वाचायच्या, साफ करायच्या आणि कोणत्या दोन नोंदी एकमेकींसारख्या आहेत ते शोधायचं. घोडं अडायचं ते या शेवटच्या पायरीवर. तुलनेसाठी मी डायनॅमिक टाइम वॉर्पिंग वापरते, म्हणजे दोन नोंदी वेळेत मागेपुढे ताणून जुळवायच्या. त्यासाठी एक तक्ता भरावा लागतो आणि त्यात प्रत्येक चौकटीची किंमत शेजारच्या तीन चौकटींवरून ठरते, त्यामुळे अख्ख्या रांगेवर एकदम क्रिया करायची नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची युक्ती इथे फारशी चालत नाही. लूप फिरवावाच लागतो, आणि लूप म्हणजे पायथनचा दुखरा गुडघा.

मग नम्बा, म्हणजे पायथनचे लूप कंपाइल करून वेगवान करणारं साधन, का नाही? नुसत्या आकड्यांची तुलना असती तर मी तेच घेतलं असतं. तुमचं काम तेवढंच असेल तर आधी तेच करून बघा. मला नोंदींवरच्या खुणा आणि मजकूर यांचा पसाराही वेगात हवा होता.

याआधी हाच भाग मी सी भाषेत लिहून सीटाइप्सने, म्हणजे पायथनमधून सीची फंक्शनं बोलवायच्या सोयीने, जोडला होता. सीटाइप्स २००६ सालच्या २.५ आवृत्तीपासून पायथनबरोबरच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. पण फंक्शन काय परत करणार हे तुम्ही सांगितलं नाही, तर ते निमूटपणे पूर्णांक धरून चालतं. माझं फंक्शन डबल, म्हणजे दशांश आकडा, परत करत होतं आणि ते सांगणारी ओळ मी लिहिलीच नव्हती. दोन दिवस भलत्याच उत्तरांचे आलेख काढत बसले. पॉइंटर (मेमरीतला पत्ता) चुकला की त्याहून वाईट. ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढं म्हणून सगळा कारभार बंद, कुठल्या ओळीवर गेला याचा पत्ता नाही.

पायओथ्रीत रस्टच्या फंक्शनच्या डोक्यावर एक खूण लिहायची, मॅच्युरिनला बिल्ड करायला सांगायचं आणि पायथनमध्ये नेहमीसारखं इम्पोर्ट करायचं. आकड्याच्या जागी मजकूर गेला तर सरळ टाइपएरर येतो. रस्टच्या बाजूने एरर परत आली तर ती पायथनचं एक्सेप्शन होऊन वर येते. सीटाइप्सनंतर याचं मला किती अप्रूप वाटलं, ते ज्यांनी सीटाइप्स भोगलंय त्यांनाच कळेल.

तरी पहिला आठवडा वायाच गेला, तोही माझ्याच शहाणपणामुळे. मी फक्त एका चौकटीचा हिशेब रस्टमध्ये नेला आणि लूप पायथनमध्ये ठेवला. प्रत्येकी दोन हजार आकड्यांचे दोन संकेत (एकेक नोंद म्हणजे एक संकेत) म्हणजे ४० लाख चौकटी, म्हणजे ४० लाख वेळा सीमा ओलांडायची. दर फेरीला पायथनचा आकडा सोडवून रस्टचा करायचा आणि उत्तर पुन्हा पायथनच्या वेष्टनात गुंडाळून परत द्यायचं. खऱ्या हिशेबापेक्षा ही हमालीच जास्त, आणि प्रोग्राम होता त्याहून हळू झाला. मग अख्खा लूप पलीकडे नेला, संकेत पायथनच्या यादीऐवजी नमपायच्या ॲरेतून दिले म्हणजे एकेक आकडा कॉपी होत नाही, आणि तरीही फरक जेमतेमच. कारण ‘मॅच्युरिन डेव्हलप’ ही आज्ञा नुसती दिली तर डीबग बिल्ड होतो, म्हणजे चुका शोधायला सोयीचा पण हळू चालणारा. पुढे ‘रिलीज’चा पर्याय जोडल्यावर खरा वेग दिसला. ३०० संकेतांच्या ४४,८५० जोड्या आधी रात्रभर चालायच्या, आता जेवून येईपर्यंत होतात. यात रेयॉन या, काम अनेक कोअरवर वाटणाऱ्या रस्टच्या लायब्ररीचाही वाटा आहे : हिशेब चालू असताना एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणारं पायथनचं कुलूप, म्हणजे जीआयएल, सोडून देता येतं आणि रस्ट सगळ्या कोअरना कामाला लावतं.

आता दुखणं. पायथनमध्ये उणे ७ ला ३ ने भागल्यावर बाकी २ येते, रस्टमध्ये तीच उणे १. वर्तुळाकार बफरची जागा काढणारी ओळ मी पायथनमधून जशीच्या तशी उतरवली होती. उणे आलेली बाकी यूसाइझमध्ये (रस्टचा उणे आकडे न घेणारा पूर्णांक) बदलली की अवाढव्य आकडा होतो, तो ॲरेच्या बाहेर जातो आणि रस्ट पॅनिक करतं, म्हणजे चूक जाहीर करून तिथेच थांबतं. म्हटलं हरकत नाही, प्रत्येक फाइलभोवती मी चूक पकडणारं ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ लावलंय, एक फाइल सुटेल आणि बाकीच्या होतील. सकाळी बघते तर तिसऱ्याच फाइलवर गाडी थांबलेली. पायओथ्री पॅनिकचं जे पॅनिकएक्सेप्शन करतं ते बेसएक्सेप्शनखाली येतं, ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’च्या जाळ्यात सापडतच नाही. ते मुद्दाम तसं ठेवलंय, आणि विचार केल्यावर मला पटलंही. पण त्या सकाळी नाही. निदान फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक छापून आला होता. बाकी काढायला, ती कधीच उणे न देणारं रस्टचं ‘रेम युक्लिड’ वापरलं आणि प्रश्न मिटला.

माझी खरी तक्रार आवृत्त्यांबद्दल आहे. पायओथ्रीची अजून १.० आलेली नाही आणि दर मोठ्या आवृत्तीला काहीतरी हलतं. ०.२१ मध्ये पायथनच्या वस्तू हाताळायची ‘बाउंड’ची नवी पद्धत आली, ०.२६ मध्ये ते कुलूप सोडणाऱ्या ‘अलाउ थ्रेड्स’चं नाव ‘डिटॅच’ झालं. शोधून मिळालेली जुनी उदाहरणं म्हणून निम्म्या वेळा कंपाइलच होत नाहीत. स्थलांतराची मार्गदर्शिका चांगली आहे, पण ती वाचायला बसावं लागतं.

वाटप मात्र सोपं. एबीआय३ची (पायथनच्या स्थिर इंटरफेसची) सोय चालू केली की एकच व्हील, म्हणजे तयार पॅकेज, पायथनच्या अनेक आवृत्त्यांवर बसतं (ऑपरेटिंग सिस्टिमनुसार वेगळं करावं लागतं ते लागतंच). माझ्या सहकाऱ्यांच्या मशीनवर रस्टचा कंपायलरही नाही, आणि आत रस्ट आहे हे त्यातल्या दोघांना अजून माहीतही नाही.

फाइल वाचणारा भाग मी हलवलेला नाही. सेन्सर बदलला की नोंदींची मांडणी बदलते, आणि तो भाग तेच दोघे सांभाळतात.