सीएसआरचा आरोग्य निधी: छोट्या संस्थेने घ्यावा का?

पाचपैकी तीन तारे. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून खर्चायचा पैसा खरा आहे, पण वेळेवर येत नाही आणि माणसांच्या पगारावर खर्चायचा म्हटलं की कंपनी का-कू करते.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ज्या कंपनीची नक्त मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांपैकी एक जरी आकडा गाठतो, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकामावर खर्चावे लागतात. त्यातही आपल्या कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्या, असं कायदाच सांगतो. म्हणून शेजारी एमआयडीसी असेल तर आधी तिथलं दार वाजवावं, मुंबईचं नंतर.

कागदांत पहिला अडथळा सीएसआर-1 नोंदणीचा, म्हणजे सीएसआरचा पैसा घेण्यासाठी संस्थेने केंद्राच्या कंपनी मंत्रालयाकडे करायच्या नोंदणीचा. 12ए आणि 80जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा हवा, फॉर्मवर सीए किंवा सीएसची (कंपनी सेक्रेटरीची) सही हवी. महाराष्ट्रात खरी गाडी मात्र वेगळ्याच ठिकाणी अडते: चेंज रिपोर्ट. विश्वस्त बदलल्यावर 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल कळवायचा असतो. तो राहून गेला की शेड्यूल-1 वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर, जुनीच नावं दिसतात, आणि कंपनीची छाननी तिथेच थांबते. प्रस्ताव लिहायला बसण्याआधी हा उतारा काढून बघा.

आता बजेट. 'प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांच्या आत ठेवा' हे वाक्य प्रत्येक बैठकीत ऐकू येतं आणि बहुतेक वेळा चुकीच्या अर्थाने. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांवरचा थेट खर्च तिच्यात धरलेला नाही. त्यामुळे गावात फिरणाऱ्या कार्यकर्तीचं मानधन आणि प्रवासभत्ता 'प्रशासन' या हेडखाली कधीच टाकू नका, 'अंमलबजावणी' खाली टाका. तसंच त्रयस्थ संस्थेकडून परिणाम-मूल्यमापनाची सक्ती 1 कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांना, तीही सरासरी 10 कोटी सीएसआर असलेल्या कंपन्यांना आहे. 12 लाखांच्या कामाला कुणी ते मागितलं, तर त्याचे पैसे वेगळे मागा.

शिबिर मंजूर करून घेणं सगळ्यात सोपं: फोटो निघतो, बॅनर लागतो. समजा 400 किशोरवयीन मुलींचं हिमोग्लोबिन तपासायचं आहे. बजेटमध्ये तपासणीच्या 400 पट्ट्या धरल्या तर चुकलं. थेंब कमी पडतो, पट्टी वाया जाते, आणि ज्यांचं 12 च्या खाली येतं त्यांची तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची असते. दुसऱ्या फेरीच्या पट्ट्या, लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया), जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट आणि कार्यकर्तीचे फेऱ्यांचे दिवस पहिल्याच प्रस्तावात हवेत. लोह-फॉलिक गोळ्यांवर मात्र एक रुपया घालवू नका. आठवड्याची निळी गोळी सरकारी कार्यक्रमातून मिळते. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र जोडलं की प्रस्तावाला वजनही येतं. रुग्णवाहिका घेताना गाडी कुणाच्या नावावर हे आधी ठरवा. सीएसआरमधून झालेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही, आणि ती संस्थेच्या नावावर घेतली म्हणजे ड्रायव्हर, डिझेल आणि विमा आयुष्यभर तुमच्या गळ्यात. (कंपनीच्या कामगारांसाठीच घेतलेलं शिबिर सीएसआरमध्ये धरलं जात नाही. मॅरेथॉनही नाही, टी-शर्ट कितीही चांगले असोत.)

एक तारा कापला तो मार्चमुळे. वर्षभर गप्प असलेली कंपनी फेब्रुवारीत जागी होते, कारण न खर्चलेली रक्कम 'चालू प्रकल्पा'ची (एकाहून जास्त वर्षं चालणाऱ्या मंजूर कामाची) नसेल तर कायद्याने ठरवलेल्या निधीत भरावी लागते. 25 मार्चला खात्यावर पैसे आले की पंचाईत संस्थेची: आयकरात सवलत टिकवायला 85 टक्के उत्पन्न त्याच वर्षात वापरलेलं दाखवायचं असतं. अशा वेळी रक्कम पुढे नेण्याचा अर्ज मुदतीत भरायला सीएला लगेच सांगा. त्याहून बरं म्हणजे सुरुवातीलाच तीन वर्षांचा 'चालू प्रकल्प' म्हणून कंपनीच्या संचालक मंडळाचा ठराव मागा.

दुसरा तारा हप्त्यांमुळे. करारात 'अहवाल मंजूर झाल्यावर पुढचा हप्ता' असं लिहिलं असेल तर मंजुरीला दोन महिने लागतात आणि कार्यकर्ती बिनपगारी फिरते. त्या जागी 'उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्चल्याचा दाखला) दिल्यापासून 21 दिवसांत' असं लिहून घ्या, आणि पहिला हप्ता निदान चार महिन्यांच्या मानधनाला पुरेल एवढा मागा.