वेगळा तास लावू की रोजच्या तासातच बसवू?

जूनमध्ये वेळापत्रक लावायला बसलं की मुलांच्या कार्यकारी कौशल्यांबद्दल हा प्रश्न येतोच. पोरगं हुशार, पण वही घरी विसरतं, सूचना अर्धीच पाळतं. बुद्धी कमी नसते. कमी पडतात ती कार्यकारी कौशल्यं: ऐकलेलं डोक्यात धरणं, हाताला-तोंडाला आवर घालणं, बेत बदलला की जुळवून घेणं. हे काम बघणारा मेंदूचा पुढचा भाग विशी उलटेपर्यंत घडतच असतो. चौथीतल्या पोराकडे ते तयार कुठून असणार?

एक मार्ग शनिवारच्या सकाळच्या शाळेत वेगळा तास लावण्याचा. 'चिमणी भुर्र, म्हैस भुर्र' किंवा 'शिवाजी म्हणतो' खेळायला खर्च शून्य, आणि पहिली-दुसरीला याहून चांगलं काही नाही. म्हशीसाठी उचलू लागलेलं बोट मध्येच रोखणं हाच आवर घालण्याचा सराव. पण कापूस वेचणीच्या दिवसांत शनिवारचा वर्ग रिकामा असतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे खेळातली कमाई गणिताच्या वहीपर्यंत आपोआप पोचत नाही. 2013 मध्ये मेल्बी-लेर्वोग आणि ह्यूम या संशोधकांनी स्मृती-सरावाच्या, म्हणजे ऐकलेलं-पाहिलेलं डोक्यात धरायला शिकवणाऱ्या, कार्यक्रमांवरचे अभ्यास एकत्र तपासले. सरावाच्या कामात थोड्या काळापुरती सुधारणा दिसली, वाचन-गणितात ती उतरल्याचा पुरावा मिळाला नाही. त्यामुळे टॅबवरच्या 'मेंदू तल्लख करा' खेळांवर शाळेचा पैसा घालू नये, असं माझं मत.

दुसरा मार्ग रोजच्या तासातला, आणि माझा कौल त्यालाच. आपण एका दमात सांगतो, "पुस्तक काढा, पान 42 उघडा, दुसरं उदाहरण उतरवा, सोडवून दाखवा." घरी अहिराणी बोलणारं मूल आधी शाळेची मराठी उलगडतं, तोवर तिसरं-चौथं काम निसटलेलं असतं. आपण म्हणतो, लक्ष नाही! हीच कामं फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि "पहिले काय करशी?" असं त्याच्या बोलीत विचारा. त्याच्या तोंडून क्रम आला की निम्मं काम झालं. वही विसरण्यावर मानसशास्त्रज्ञ गॉलवित्झर यांची 'जर-तर' युक्ती चालते: दप्तर खांद्याला लावलं, की दारावरची यादी वाचायची. 'नीट लक्ष ठेव' या उपदेशापेक्षा हे बरं, कारण कधी आणि काय, दोन्ही ठरलेलं असतं.

किंमत आहेच. पहिला महिना पाठ्यक्रम रेंगाळतो, आणि एकट्या शिक्षकाने केलं तर बदलीबरोबर सगळं जातं. दोनशिक्षकी शाळेत हे सहज जमतं. विषयवार शिक्षक असलेल्या मोठ्या आश्रमशाळेत मात्र प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. तिथे जूनचे पहिले काही आठवडे वेगळा तास घेऊन एकच पद्धत सगळ्यांना शिकवावी, मग तो तास बंद करावा.

फळ्यावरच्या त्या ओळी वर्षभर लिहीत बसू नका. दिवाळीनंतर खडू मुलांच्या हातात द्या.