‘निळं ब्रह्मकमळ’, आगाऊ पैसे आणि कुजलेली पानं

पावसाळा तोंडावर आला की रत्नागिरी, देवगड, मालवणकडच्या बागवाल्या व्हॉट्सॲप गटांत एक जाहिरात फिरू लागते. ‘हिमालयातलं दुर्मीळ ब्रह्मकमळ. निळं, लाल, पिवळं, तिन्ही मिळून ९९९ रुपये. फक्त आज.’ सोबत झगझगीत फोटो. पैसे आधी, यूपीआयने. अशी मागवलेली पार्सलं उघडल्यावर आत साधारण एकच माल निघतो: ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर प्लास्टिक आवळलेले तीन चपटे तुकडे. मुळं नाहीत, खालचं टोक तपकिरी, दाबलं की पाणी सुटतं. रंगांच्या चिठ्ठ्या मात्र नीटनेटक्या चिकटवलेल्या. तुकडे तिन्ही एकाच झाडाचे, आणि बहुतेक वेळा ते झाड म्हणजे आपल्या पडवीच्या कोपऱ्यात वाढतं तेच पांढरं.

निळ्याचं तर सोडूनच द्या. निवडुंगाच्या कुळात फुलांना रंग देतात ती बीटालेन नावाची रंगद्रव्यं. त्यांतून लाल, गुलाबी, जांभळा, केशरी, पिवळा मिळतो. निळा मिळत नाही. गोकर्णीला निळी करणारं अँथोसायनिन या कुळात नसतंच. म्हणजे निळा फोटो मोबाइलवर रंगवलेला. मोठा करून पाहा, पुंकेसर आणि मागच्या पानाची कडही निळसर झालेली सापडते. ‘हिमालयातलं’ हीसुद्धा थापच. उत्तराखंडचं राज्यपुष्प असलेलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं आहे, साधारण ३००० मीटरच्या वर थंडीत वाढतं, वेंगुर्ल्याच्या दमट उकाड्यात तगणार नाही. आपण ज्याच्या फुलापुढे रात्री उदबत्ती लावतो ते एपिफायलम ऑक्सिपेटलम, म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांत झाडांच्या फांद्यांवर वाढणारा निवडुंग.

ही फसवणूक वर्षानुवर्षं चालते ती झाडाच्या संथपणामुळे. तुकडा लावल्यापासून पहिलं फूल यायला दोन ते तीन वर्षं सहज जातात, आणि नुसत्या पानावरून फुलाचा रंग खात्रीने सांगता येत नाही. पांढरं फूल उमलेपर्यंत विकणाऱ्याचा नंबर कधीच बंद झालेला असतो. बियांच्या पाकिटात तर त्याची आणखी सोय. हे झाड स्वतःच्या परागाने सहसा फळ धरत नाही, त्यामुळे बी मुळात दुर्मीळ. बियांपासून फूल यायला त्याहून जास्त वर्षं लागतात, आणि रुजलं नाही तर दोष आपल्या मातीचा. खरं बी काळं, चकचकीत, दोनेक मिलिमीटरचं असतं. पाकिटात चपट्या तपकिरी बिया दिसल्या की ते दुसरंच काहीतरी आहे असं समजावं.

लाल आणि गुलाबीच्या बाबतीत थाप अर्धीच असते, म्हणून माणूस तिथे जास्त फसतो. लाल फुलांचे संकरित प्रकार खरोखर आहेत. पण त्यांची फुलं बहुधा दिवसाही उघडी असतात आणि दोन-चार दिवस टिकतात. आपलं पांढरं रात्री आठ-नऊच्या सुमारास उमलू लागतं आणि सकाळी मान टाकतं. संकरित झाडाचं पान जाड, ताठ. बुडाकडे बऱ्याचदा तिधारी आणि बारीक कुसं असलेलं. पांढऱ्याचं मुख्य खोड काठीसारखं गोल, त्यातून फुटलेली पानं पातळ, कडा लहरी, खाचा उथळ, काटा नाही. (वनस्पतिशास्त्रात ही पानं नव्हेत, चपट्या फांद्या; कळ्या त्यांच्या कडेच्या खाचांतून येतात.) सगळा तुकडाच तिधारी, जाड आणि काटेरी असेल तर तो ड्रॅगन फ्रूटचा. ‘लाल ब्रह्मकमळ’ म्हणून तोही खपवला जातो. खरा लाल प्रकार हवाच असेल तर झाड फुलावर असताना जाऊन बघावं आणि त्याच झाडाचा तुकडा आपल्यासमोर कापून घ्यावा. रंगाचे पैसे फूल पाहिल्याशिवाय देऊ नयेत.

जत्रेत आणि प्रदर्शनात वेगळी युक्ती. कळी धरलेली फांदी कापून आदल्या दिवशी कुंडीत खोचतात आणि ‘आठ दिवसांत फूल’ म्हणून दुप्पट भावाने देतात. घरी आणल्यावर कळी पिवळी पडून गळते. तक्रार केली तर ‘जागा बदललीत ना, म्हणून गळली’ हे उत्तर तयार. कळीवरचं झाड हलवलं की कळी गळू शकते हे खरंच आहे, त्यामुळे पुढे बोलता येत नाही. म्हणून घेतानाच बुडाशी धरून अलगद ओढून पाहावं. मुळं धरलेलं झाड कुंडीसकट उचलू लागतं, खोचलेलं हातात येतं. कुंडीखालच्या भोकातून पांढरी मुळं दिसली तर उत्तम.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकते. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, जाहिरातीचा आणि संभाषणाचा स्क्रीनशॉट जवळ ठेवावा. विकणाऱ्याने संदेश पुसून टाकण्याआधी तो घ्यावा, नंतर मिळत नाही. माल आला पण भलताच, अशा तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. दारात पैसे देऊनही सुटका नाही, कारण कुरियरवाला बहुधा पैसे घेतल्याशिवाय खोका उघडू देत नाही. उघडताना निदान व्हिडिओ करावा. रक्कम किरकोळ म्हणून कोणी तक्रार करत नाही, आणि विकणारा दर मुद्दाम तेवढाच ठेवतो.

आलेला तुकडा फेकू नका, पांढरं का होईना, फूल देईल. कुजका भाग स्वच्छ धारदार सुरीने कापून टाका. आतला भाग कडेपर्यंत हिरवा दिसला पाहिजे. मग सावलीत, वारा लागेल असा आठवडाभर आडवा सुकू द्या. पावसात हवा ओली असते, तेव्हा दहा दिवस. कापलेली जागा कोरडी, खरखरीत झाली की सहा इंची कुंडीत दोन इंच खोल लावा आणि काठीला बांधा. नुसती लाल माती नको, ती पावसात घट्ट बसते आणि मुळं गुदमरतात. सोडणाचे, म्हणजे नारळाच्या काथ्याळ सालीचे, तुकडे दोन भाग, पाचोळ्याचं खत एक भाग, जांभ्याचे बारीक खडे एक भाग. सोडण खाडीच्या पाण्यात भिजलेलं असेल तर गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, मीठ मुळं जाळतं. पहिला आठवडा पाणी नाही, नंतर वरची माती सुकल्यावर थोडंसं. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात.

जागा पूर्वेच्या पडवीची. सकाळचं ऊन चालतं, दुपारच्या उन्हाने पानं पिवळी-तांबूस होतात. पागोळ्यांची धार थेट कुंडीत पडू देऊ नये आणि खाली ताटली नको. नत्र जास्त पडलं तर नुसती पानंच सुटतात, त्यामुळे शेणखत बेताने, एप्रिल-मेमध्ये मूठभर. पुढे कळ्या दिसू लागल्या की कुंडी फिरवू नका आणि रात्री बॅटरी घेऊन एक फेरी मारा. कोवळ्या कळीवर गोगलगायी आधी पोचतात.